यंत्रमानव नाचतो झकास, आमचंच अंगण वाकडं

खाचखळगे | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

नाशिकच्या अंबडला माझं छोटं मशिन शॉप आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (धातू कापणारी संगणकावर चालणारी मशिनं), चौदा माणसं. बावीस वर्षं जॉबवर्क करतोय. गेल्या दिवाळीच्या आधी हिंमत करून एक कोबॉट घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करू शकणारा रोबोटचा हात. कोणाला लागला तर दाब ओळखून थांबतो. विकणारा म्हणाला होता, "साहेब, हात धरून एकदा दाखवा, तो तसंच करत राहतो." खोटं नव्हतं ते. पहिल्या दिवशी माझ्या भाच्याने अर्ध्या तासात त्याला ट्रेमधला नग उचलून चकमध्ये, म्हणजे नग आवळून धरणाऱ्या मशिनच्या पकडीत, ठेवायला शिकवलं. पेढे वाटले आम्ही.

मग त्याला रात्रपाळीला लावला. आठव्या रात्री चाळीस नग रिजेक्ट. सगळ्यांचा फेस, म्हणजे पुढची सपाट बाजू, तिरका. कारण सापडायला दीड दिवस गेला. चकच्या एका जबड्यावर चिप चिकटली होती, कुलंटमध्ये (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवात) भिजलेला लोखंडाचा नखाएवढा कुरळा तुकडा. नग त्यावर टेकायचा, केसभर तिरका बसायचा, चक आवळला जायचा आणि मशिन आपलं काम चोख करायचं. रोबोटच्या लेखी सगळे दिवे हिरवे.

आमचे जुने ऑपरेटर आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते म्हणाले, "आम्ही अंगठा फिरवतो ना साहेब." मला कळेचना. मग त्यांच्याजवळ उभा राहून पाहिलं. नग डाव्या हातात. उजव्या हाताचा अंगठा तिन्ही जबड्यांवरून फिरतो, सेकंदसुद्धा लागत नाही. मग नग टेकवताना मनगटाचा एक हलका झटका. 'टक' वाजलं तर बसला. 'थप' वाजलं तर मध्ये काहीतरी आहे, काढा. बावीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हे चाललंय आणि मला दिसलं नव्हतं. प्रोसेस शीटवर एवढंच लिहिलंय: 'नग लोड करा.'

आता हवेचा फवारा बसवलाय, बराच फरक आहे. पण मोबाइल उघडला की यंत्रमानव नाचताना, कोलांट्या मारताना, कपड्यांच्या घड्या घालताना दिसतात. यातलं खरं किती? आणि आमच्यासारख्यापर्यंत यायला किती वेळ? जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:५१

'टक' आणि 'थप' फार आवडलं. मी मराठीचा निवृत्त मास्तर, मशिनमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक शंका आहे. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला अर्धमॅरेथॉन झाली, तीत माणसांबरोबर २१ यंत्रमानवही पळाले. पहिल्या आलेल्या 'तिएनगोंग'ने २१ किलोमीटर २ तास ४० मिनिटांत काटले. मध्ये एकदा पडला, तीनदा बॅटरी बदलली, पण पोचला. माझा जावई अजून अडीच तासांच्या आत आलेला नाही. जो इतकं पळतो त्याला अंगठा फिरवणं का जमू नये?

छिद्रान्वेषी | शनिवार, रात्री ११:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तोवर एक आठवण. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाच्या कार्यक्रमात त्यांचा यंत्रमानव ऑप्टिमस लोकांना पेयं देत होता, गप्पा मारत होता. नंतर कळलं की बऱ्याच ठिकाणी पडद्याआड माणसं बसून ते चालवत होती. आपल्याकडे याला कळसूत्री बाहुली म्हणतात. वनएक्स कंपनीचा 'निओ' २०,००० डॉलरला घरकामासाठी बुकिंगला आला, त्यालाही एखादं काम जमलं नाही तर कंपनीचा माणूस डोळ्यांवर चष्मा चढवून दुरून करणार. म्हणजे मोलकरीण तीच, फक्त चपला दाराबाहेर न काढता घरात येणार.

लोखंडी_चणे | रविवार, सकाळी ७:४०

रोबोट बसवून देणं हाच माझा धंदा, सातपूरला अकरा वर्षं. जरा सविस्तर लिहितो.

जगातला पहिला औद्योगिक रोबोट 'युनिमेट' १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. काम काय, तर डाय कास्टिंगमधून निघालेले तापलेले नग उचलून बाजूला ठेवणं. त्याला डोळे नव्हते, बोटांना जाणीव नव्हती. नग दरवेळी त्याच जागी येणार ही खात्री होती, बस्स. आजही नाशिक-पुणे पट्ट्यात जे रोबोट चालतात, स्पॉट वेल्डिंगचे, प्रेसवरचे, पेटी रचणारे, त्यातले बहुतेक त्याच अंधळ्या हाताचे नातू आहेत. अचूकता दांडगी. माझ्याकडचा छोटा हात त्याच बिंदूवर ०.०३ मिलिमीटरच्या फरकाने परत येतो. पण त्या बिंदूवर नग आहे का, तिरका आहे का, त्याला पत्ता नाही. ती अक्कल आपण फिक्चरमध्ये, म्हणजे नग ठरल्या जागी धरणाऱ्या साच्यात, ओततो.

म्हणून गिऱ्हाइकाला मी आधीच सांगतो: रोबोटला जेवढे पैसे लागतील, निदान तेवढेच ग्रिपर (रोबोटचा पंजा), ट्रे, फिक्चर, सेन्सर आणि इंटरलॉकला (काही चुकलं की यंत्र थांबवणारी सोय) बाजूला ठेवा. आधी शिदोरी, मग जेजुरी. कोणी ऐकत नाही. सगळ्यांना हात हलताना बघायचा असतो.

खाचखळगे साहेब, तुमचे नग एका बॅचला किती असतात?

खाचखळगे | रविवार, सकाळी ९:१२

दोनशे ते तीनशे. एकोणीस प्रकारचे पार्ट. सगळ्यात जड चार किलोचा.

लोखंडी_चणे | रविवार, सकाळी ९:३०

मग दुखणं तिथेच आहे. दर बॅचला जबडे बदला, ट्रे बदला, पॉइंट पुन्हा शिकवा. मोठ्या गाडी कंपनीत एकच पार्ट वर्षानुवर्षं चालतो, तिथे हा खर्च पचतो.

आकडे देतो, बोध ज्याचा त्याने घ्यावा. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगात ५ लाख ४२ हजार औद्योगिक रोबोट बसले. त्यातले २ लाख ९५ हजार एकट्या चीनमध्ये. भारतात ९,१००. तरीही आपण जगात सहावे! दर दहा हजार कामगारांमागे रोबोट किती, हे २०२३ सालचं प्रमाण बघा: दक्षिण कोरिया १,०१२, चीन ४७०, जर्मनी ४२९.

या धंद्यातले मालकही बदलताहेत. जर्मनीची कूका २०१६ पासून चीनच्या मिडीयाच्या ताब्यात गेली. बॉस्टन डायनॅमिक्स २०२१ पासून ह्युंदाईकडे. एबीबीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला रोबोट विभाग जपानच्या सॉफ्टबँकेला सुमारे ५.४ अब्ज डॉलरला विकायचं जाहीर केलं. (सातपूरच्या एबीबीत कोणाचे पाहुणे असतील तर घाबरू नका, इथे स्विचगिअर बनतं.)

मीठभाकर | रविवार, दुपारी २:१५

मी मूळची पंचवटीची, सध्या जर्मनीत याच विषयात पीएचडी करतेय. 'टक आणि थप' वाचून खुर्चीतून उठले. आमच्या लॅबमध्ये पाच जण तीन वर्षं तेच सोडवताहेत, फक्त नाव भारदस्त ठेवलंय.

गोदाकाठ सर, पळणं आधी का जमलं ते सांगते. पळायला शिकवायचं तर संगणकात खोटा रोबोट आणि खोटी जमीन तयार करायची. एका ग्राफिक्स कार्डावर असे हजारो खोटे रोबोट एकाच वेळी पळतात, पडतात, उठतात. माणसाला वर्षं लागतील एवढा सराव तासाभरात उरकतो. वर मुद्दाम जमीन निसरडी करायची, वजन वाढवायचं, मागून धक्का द्यायचा, म्हणजे खऱ्या जगात उतरल्यावर तो बावचळत नाही. हे चालतं, कारण पाय आणि जमीन यांचा संबंध तसा सरळ आहे.

अंगठ्याचं तसं नाही. ओलसर चिप, तेलकट जबडा, त्वचेचं दबणं, घसरणं, हे संगणकात हुबेहूब उभं करणं फार अवघड आहे. शिवाय चित्रं आणि मजकूर इंटरनेटवर हवे तेवढे मिळतात, स्पर्शाचं तसं कोठारच नाही. तात्यांच्या अंगठ्याला काय जाणवलं ते कुठे लिहिलेलं आहे? तुमच्या प्रोसेस शीटवरसुद्धा नाही! रोबोटतज्ज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्येच म्हणून ठेवलं होतं की संगणकाला बुद्धिमत्तेच्या चाचण्या किंवा चेकर्ससारखा पटावरचा खेळ शिकवणं सोपं, वर्षाच्या बाळाची हालचाल शिकवणं कठीण.

नवीन काय झालंय, तर चॅटजीपीटीसारखी भाषेची मॉडेलं रोबोटच्या हाताला जोडली गेली. गुगल डीपमाइंडच्या आरटी-२ ला २०२३ मध्ये टेबलावरची खेळणी दाखवून सांगितलं, 'नामशेष झालेला प्राणी उचल', तर त्याने डायनासोर उचलला. असं कोणी त्याला हात धरून शिकवलं नव्हतं, ती माहिती इंटरनेटच्या वाचनातून आली होती. त्याच वर्षी बऱ्याच प्रयोगशाळांनी २२ प्रकारच्या रोबोटांच्या दहा लाखांहून जास्त कृतींची नोंद एकत्र केली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फिजिकल इंटेलिजन्स कंपनीचं 'पाय-झीरो' मॉडेल आलं, ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालणारं. मार्च २०२५ मध्ये गुगलचं जेमिनाय रोबोटिक्स. उद्देश एकच: दर कामाला वेगळा प्रोग्रॅम नको, एकच मेंदू नवीन नग पाहून अंदाज बांधेल.

छिद्रान्वेषी, तुमची कळसूत्री बाहुली अर्धीच बरोबर आहे. या मेंदूला शिकवायचं कसं? तर माणूस दोन हात हलवतो, रोबोटचे दोन हात तसेच हलतात, आणि ते शेकडो वेळा टिपून घेतात. स्टॅनफर्डच्या २०२३ मधल्या 'अलोहा' प्रकल्पाने हे स्वस्तात करून दाखवल्यावर सगळीकडे लाट आली. दुरून चालवणं ही शिकवणी आहे. न सांगता चालवणं ही लबाडी.

छिद्रान्वेषी | रविवार, दुपारी २:४०

मान्य. पण शिकवणीची फी विद्यार्थ्याकडून घेतात. इथे गिऱ्हाईक २०,००० डॉलर देऊन वर स्वतःच्या घरचं चित्रीकरणही देणार.

मीठभाकर | रविवार, दुपारी २:४४

यावर मी निरुत्तर.

थॉमसन_सीडलेस | रविवार, संध्याकाळी ६:०५

दिंडोरीहून. अठरा एकर द्राक्ष. आमच्याकडे येऊन बघा म्हणावं त्या यंत्रमानवाला.

छाटणी झाली की विरळणी. घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, बाकीच्यांना ओरखडा न लावता. मग डिपिंग, एकेक घड औषधात बुडवायचा. काढणीला घड फक्त देठाला धरायचा. मण्यावर पांढरट मेणाचा नाजूक थर असतो, बोट लागलं की तिथे डाग उमटतो आणि माल एक्स्पोर्टमधून लोकलला जातो. पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, उक्तं काम घेतात. त्यातल्या बाया बोलत बोलत एका घडाची विरळणी अशी उरकतात की मी मालक असून माझा हात त्यांच्या निम्म्याने चालतो. दरवर्षी टोळीसाठी मारामारी, दोन दोन महिने आधी उचल द्यावी लागते. यंत्र आलं तर मला हवंच आहे. परदेशात वाइनच्या बागेत यंत्रं चालतात म्हणतात, पण तिथे द्राक्षाचा पुढे रसच करायचा असतो. आपल्याला मणी अख्खा पाहिजे, आणि वर तो देखणाही पाहिजे.

मीठभाकर ताई, काही आहे का?

मीठभाकर | रविवार, रात्री ८:२०

दादा, घड ओळखणं, मणी मोजणं, साखर भरली का याचा अंदाज हे कॅमेऱ्याने बऱ्यापैकी होतं. कात्री चालवणं अवघड, कारण घड हलतो, मणी एकमेकांना झाकतात, देठ पानाआड असतो. आणि विरळणीचा वेग. प्रयोगशाळेत एक घड करून दाखवणं आणि अठरा एकर आठ दिवसांत उरकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या बाया सध्या जिंकताहेत.

स्पर्शाबद्दल थोडी आशा: एमआयटीत निघालेला 'जेलसाइट' नावाचा सेन्सर आहे. बोटाच्या टोकाला मऊ पारदर्शक जेल, आत बारीक कॅमेरा. जेल कुठे दबली ते कॅमेरा बघतो, त्यावरून पृष्ठभागाचा उठाव कळतो. नाण्यावरची अक्षरंसुद्धा दिसतात. ॲमेझॉननेही मे २०२५ मध्ये 'व्हल्कन' दाखवला, दाब ओळखून कप्प्यांत सामान कोंबणारा आणि काढणारा. म्हणजे अंगठा येतोय. पण रोजचा चिखल, कुलंट, ऊन यात ती जेल किती टिकते हा वेगळाच प्रश्न.

सेकंड_शिफ्ट | रविवार, रात्री ११:५०

पाळी संपवून आत्ता गरवारे पॉइंटला रिक्षाची वाट बघत वाचतोय. कुंभाच्या कामांनी रस्ता उकरलाय, रिक्षा येईना.

सगळ्यांनी हातावर, अंगठ्यावर छान लिहिलं. खाचखळगे साहेब, एक विचारू का? कोबॉट रात्रपाळीला लावला. त्या आधी रात्रपाळीला कोण होतं?

खाचखळगे | सोमवार, सकाळी ८:३०

प्रश्न रास्त आहे, उत्तर द्यायलाच हवं.

तात्या आहेत, त्यांनाच सेलचा प्रमुख केलंय. रात्रपाळीला दोन मुलं होती, कंत्राटावर. एकाला दिवसपाळीत घेतलं, तो आता पेंडंट (रोबोट चालवायचा हातातला पॅनल) चालवतो, पगारही थोडा वाढवला. दुसऱ्याचं कंत्राट संपलं ते पुढे वाढवलं नाही. काढलं असं म्हणत नव्हतो मी आजवर. पण काढलंच ते.

माझी बाजूही सांगतो. रात्रपाळीला माणूस मिळत नाही ही रड अंबडमध्ये खरी आहे, नुसती मालकांची ओरड नाही. दोन महिने शिकवावं आणि तिसऱ्या महिन्यात पोरगं गाडीवर जेवणाचे डबे पोचवायला जातं.

सेकंड_शिफ्ट | सोमवार, सकाळी ८:५५

डबे पोचवण्यात जास्त सुटतात म्हणून जातं साहेब. बाकी खरं सांगितलंत, बरं वाटलं. मी स्वतः रोबोट वेल्डिंगवर आहे, मला रोबोटचा राग नाही. उन्हाळ्यात एप्रन घालून वेल्डिंग करून बघा, मग कळेल. राग याचा की आमच्या हाताची माहिती काढून घेतात आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट इंजिनिअरला मिळतं.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी १०:१०

सेकंड_शिफ्ट यांच्या शेवटच्या वाक्यासाठी वेगळा धागा निघावा.

खाचखळगे | सोमवार, रात्री ९:४५

भाचा मागे लागलाय. चीनच्या युनिट्रीचा 'जी-१' यंत्रमानव २०२४ मध्ये १६,००० डॉलरपासून आला, साधारण चौदा लाख. "मामा, कोबॉटपेक्षा स्वस्त, आणि याला पायही आहेत." काय सांगू?

लोखंडी_चणे | सोमवार, रात्री १०:२०

सांगा की पाय आहेत, हात विचार. त्या किमतीत बोटं हलणारा पंजा येत नाही. उंची सव्वा मीटरच्या थोडी वर, वजन ३५ किलो, बॅटरी जेमतेम दोन तास, आणि एका हाताने साधारण दोन किलो उचलणार. तुमचा नग चार किलोचा. कॉलेजात शिकायला, संशोधनाला उत्तम. वर ड्यूटी, वाहतूक, स्पेअर.

कारखान्यातला खरा अनुभव हवा असेल तर फिगर कंपनीचा बघा. त्यांचा यंत्रमानव अमेरिकेत बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्ग कारखान्यात सुमारे अकरा महिने होता. काम: पत्र्याचे पार्ट उचलून वेल्डिंग फिक्चरमध्ये बसवणं. कंपनीच्याच सांगण्यानुसार ९०,००० हून जास्त पार्ट बसवले. वाहवा. पण त्याच अहवालात सगळ्यात जास्त बिघडणारा भाग कोणता म्हणून लिहिलंय? कोपरापुढचा हात. एवढ्याशा जागेत मनगटाच्या मोटर, वायरी, उष्णता, आणि ते सतत पिळवटतंय. मला हसू आलं, कारण माझ्या वेल्डिंग रोबोटांतही पहिली मरते ती मनगटातली केबलच. आणि शेवटी तिथेही फिक्चर होतंच, बरं का.

खाचखळगे साहेब, तुमच्या 'थप'ला यंत्रमानव लागत नाही. टेकण्याच्या जागी मिलिमीटरभराचं भोक पाडा, आतून हवा सोडा, लाइनवर प्रेशर स्विच लावा. नग नीट टेकला की भोक बंद होतं, दाब चढतो. चिप मध्ये असली की हवा फटीतून निसटते, दाब चढत नाही, रोबोट थांबतो. एअर सीट चेक म्हणतात. फार जुनी युक्ती.

खाचखळगे | पुढचा रविवार, सकाळी ११:००

अपडेट. भोकं पाडली, स्विच लावला. तीन दिवस एकही रिजेक्ट नाही. चणे साहेब, मिसळ लागू.

चौथ्या रात्री सहा नग तिरके. दाब व्यवस्थित दाखवत होता. उघडून बघितलं तर एका भोकातच चिप जाऊन घट्ट बसलेली. भोक बंद म्हणजे दाब चांगला, दाब चांगला म्हणजे नग नीट बसला, असा त्याचा हिशेब.

मी आणि भाचा डोक्याला हात लावून बसलो. तात्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "तुम्ही त्याला नग असतानाच विचारता, बसला का. नग नसताना पण विचारा. तेव्हाही बसला म्हणाला, तर तो खोटं बोलतोय."

आता दर वेळी रिकाम्या चकवर आधी दाब तपासतो, मग नग ठेवतो. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) पावणेदोन सेकंदांनी वाढला, वाढू दे.

लोखंडी_चणे | रविवार, सकाळी ११:२०

हे मी सांगायला हवं होतं. चूक माझी, मिसळ माझ्याकडून.

मीठभाकर | रविवार, दुपारी १:३०

'नग नसताना पण विचारा' हे मी उद्या लॅबच्या फळ्यावर लिहिणार आहे. मराठीतच.

सेकंड_शिफ्ट | रविवार, दुपारी १:५२

फळ्यावर लिहा ताई. पण साहेब, तुमच्या प्रोसेस शीटवर लिहिलं का? तात्यांचं नाव टाकून?

खाचखळगे | रविवार, दुपारी २:१०

शीटवर लिहिलंय. नाव राहिलं. उद्या टाकतो.